इन्सुलिन मिळत नाही म्हणतात, मग करायचं काय?

या वेळी आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, फार्मसीत इन्सुलिन नाही म्हणून सांगतात, आता घरातलं संपलं की काय. घाबरायला होतं हे खरंच आहे आणि गोव्यात तर जास्तच, कारण २०२३ मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे आकडे आले त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्याच राज्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाला तरी शुगर. त्यामुळे एखादी कंपनी एखादा माल बंद करते तेव्हा ती बातमी पेपरात यायच्या आधी वाड्यावर पोचलेली असते, आणि पोचेपर्यंत तिचं 'इन्सुलिनच बंद झालं' असं झालेलं असतं.

उत्तरं सुरू करायच्या आधी एक सांगते. मी फार्मसीच्या काउंटरमागची बाई आहे, डॉक्टर नाही. कुठलं औषध कशाच्या जागी चालू शकतं, कसं भरायचं, कुठे मिळेल हे सांगेन, पण किती युनिट ते तुमचा डॉक्टरच सांगणार.

प्रश्न (डिचोलीहून, मुलगा): ताई, बाबा ७१ वर्षांचे आहेत, टाइप २. बरीच वर्षं मिक्सटार्ड ३० घेतात, सकाळी २० आणि रात्री १२ युनिट, इन्सुलिन टोचायच्या पेनात कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळी, घालून. आता डिचोली, साखळी, म्हापसा सगळीकडे विचारलं, कार्ट्रिज येत नाही म्हणतात. एकाने दुसऱ्या कंपनीचं दिलं ते आमच्या पेनात बसतच नाही. दुसऱ्याने नोवोमिक्स ३० काढून दिलं आणि म्हणाला तेच आहे, घ्या. तेच आहे का?

उत्तर: नाही, तेच नाही. दोन्हींवर '३०' लिहिलेलं आहे म्हणून लोकांचा घोळ होतो. मिक्सटार्ड म्हणजे साधं ह्युमन इन्सुलिन, त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करणारा आणि ७० टक्के सावकाश, म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं. नोवोमिक्स हे ॲनालॉग, म्हणजे रचनेत थोडा बदल केलेलं इन्सुलिन, त्यातलं ॲस्पार्ट खूपच लवकर चालू होतं, जेवणाच्या अगदी तोंडावर घ्यायचं. बाबांनी सवयीने अर्धा तास आधी नोवोमिक्स टोचलं आणि मग पूजा लांबली किंवा आई म्हणाली थांबा मासे तळायचेत, तर शुगर खाली जाऊन माणूस घामाघूम. ते वाईट औषध नाही, डॉक्टर कितीतरी जणांना तेच देतात, पण ते डॉक्टरने लिहून, वेळ समजावून द्यायचं असतं, काउंटरवर बदलून द्यायचं नसतं.

आता तुटवडा नेमका कशाचा ते बघू. नोवो नॉर्डिस्क कंपनीने ह्युमन इन्सुलिनची पेन आणि कार्ट्रिज भारतात हळूहळू बंद करायचं ठरवल्याची बातमी २०२५ मध्ये आली. बाटली, म्हणजे व्हायल, बंद केलेली नाही. म्हणजे तुमच्या बाबांचं औषध संपलेलं नाही, त्याचं एक पॅकिंग गेलंय. शिवाय हेच ३०/७० मिश्रण दुसऱ्या कंपन्याही करतात, बायोकॉनचं इन्सुजेन, लिलीचं ह्युमिन्सुलिन, वोकहार्टचं वोसुलिन. तेव्हा फार्मसीत जाऊन 'मिक्सटार्ड आहे का' असं विचारू नका, 'ह्युमन इन्सुलिन ३०/७०, कोणत्या कंपनीचं आहे' असं विचारा आणि डॉक्टरलाही सांगा चिठ्ठीवर ब्रँडसोबत हे नावही लिहा म्हणून. तसं लिहिलेलं असलं की आमचंही काम सोपं होतं, नाहीतर हातात माल असून आम्हाला नाही म्हणावं लागतं.

कार्ट्रिज पेनात बसत नाही कारण प्रत्येक कंपनीचं पेन वेगळं, नोवोपेनमध्ये नोवोचंच, ह्युमापेनमध्ये लिलीचंच. जबरदस्तीने बसवू नका, बसल्यासारखं वाटलं तरी डोस बरोबर पडेल याची खात्री नाही. दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज घेतलंत तर पेनही त्याच कंपनीचं घ्या.

किंवा सरळ बाटलीवर या, स्वस्तही पडते. पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे, म्हणून हे नीट वाचा आणि घरात जो कोणी टोचतो त्याला वाचून दाखवा. आपल्याकडे ह्युमन इन्सुलिनची जी बाटली मिळते ती बहुतेक करून ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनातलं कार्ट्रिज १०० चं, एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन, ४० ची सिरिंज लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीला लाल, १०० च्या मालाला केशरी, याची अदलाबदल झाली की गणित पूर्ण बिघडतं. लाल सिरिंजने कोणी कार्ट्रिजमधून किंवा १०० च्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात, अडीच पट, म्हणजे थेट १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ. उलट केशरी सिरिंजने ४० च्या बाटलीतून २० पर्यंत ओढलं तर फक्त ८ जातात आणि मग घरचे म्हणतात बाटलीतलं इन्सुलिन बोगस आहे, शुगर उतरतच नाही. ग्लार्जिन, ॲस्पार्टच्या काही बाटल्या १०० च्याही येतात, तेव्हा 'बाटली आहे म्हणजे ४० च' असंही धरून चालू नका, लेबलवरचा आकडा वाचा. कार्ट्रिज उरलंय, पेन मोडलंय, म्हणून सिरिंजने त्यातलं काढून घेणारे लोक आहेत, मी बघितलेत. तसं करू नका.

युनिट तेच राहतात का? एकाच प्रकारचं ह्युमन ३०/७० असेल तर साधारण डॉक्टर तेवढेच युनिट लिहून देतात, पण पहिला आठवडा सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी मीटरवर बघायचं आणि वहीत लिहायचं. बाटली दुधाळ असते, तळहातांत हळूच दहाएक वेळा लोळवायची, खळाखळा हलवायची नाही. बाबांची नजर मंद असेल तर सिरिंजच्या रेघा त्यांना दिसणार नाहीत, भरायचं काम तुम्ही किंवा आईने घ्या. दिवसाला ३२ युनिट म्हणजे ४०० युनिटची १० मिलीची बाटली बारा दिवस जाईल, त्या हिशोबाने दोन बाटल्या पुढच्या घरात असू द्या, दहा नकोत. सगळ्यांनी दहा-दहा नेल्या की मागून येणाऱ्याला मिळत नाही आणि मग तो तुटवडा आपणच केलेला असतो.

प्रश्न (सत्तरीतून, आई): माझी मुलगी नऊ वर्षांची, टाइप १. दिवसाला चार वेळा टोचतो. आमच्या इथून वाळपईला जायचं आणि तिथे नसलं की म्हापसा नाहीतर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. पावसात एकदा दोन दिवस अडकलो तर? डोस थोडा थोडा कमी करून पुरवायचा का? सासूबाई म्हणतात दारात इन्सुलिनचं झाड आहे, त्याची दोन पानं रोज दे, कारल्याचा रस दे, शेजारच्या काकांची शुगर त्याने उतरली.

उत्तर: सासूबाईंवर रागावू नका, त्यांना नात बरी व्हायला हवी आहे, पण या एका बाबतीत घरात कोणाचंच ऐकू नका. शेजारच्या काकांना टाइप २ आहे. त्यांच्या अंगात अजून इन्सुलिन तयार होतं, कमी पडतं किंवा लागू पडत नाही इतकंच, म्हणून पथ्य, चालणं, कारलं यांनी थोडंफार इकडेतिकडे होऊ शकतं. तुमच्या लेकीच्या अंगात ते तयारच होत नाही. त्या झाडाला लोकांनी नाव इन्सुलिनचं दिलंय, पानांत इन्सुलिन नाही. आणि समजा असतं तरी खाऊन उपयोग नव्हता, इन्सुलिन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की पचून जातं, म्हणूनच तर इतकी वर्षं सुईने घ्यावं लागतंय. जांभळाची बी, मेथी, विजयसाराचा पेला, सगळ्यांना हेच उत्तर. कारल्याची भाजी आवडत असेल तर खाऊ दे की, भाजी म्हणून.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याच्या आधी टाइप १ च्या मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवायचे, त्याने थोडे महिने वाढायचे आणि मग मूल जायचं. तेव्हाही झाडपाला होताच जगात. म्हणून टाइप १ ला पर्याय काय असं कोणी विचारलं की मी सांगते, एका इन्सुलिनला दुसरं इन्सुलिन हाच पर्याय.

डोस कमी करून पुरवायचा विचार डोक्यातून काढा. इन्सुलिन कमी पडलं की अंग चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होतं, आणि मुलांमध्ये हे काही तासांत वाढत जातं, दोन दिवस वाट बघत नाही. खूप तहान, सारखी लघवी, मग पोटात दुखणं, उलट्या, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, खोल खोल श्वास, गुंगी. उलट्या बघून घरचे म्हणतात काहीतरी बाधलं, लिंबू सरबत द्या, आणि त्यात वेळ जातो. शुगर २५० च्या वर आणि उलटी असेल तर घरी बसायचं नाही, लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मिळतात त्या आणून ठेवा. आणि ती आजारी असून जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद, असंही करायचं नाही. लांब काम करणारं, बेसल म्हणतात ते, चालूच राहतं. जेवणाच्या डोसचं काय ते डॉक्टरला फोन करून.

तुमच्यासारख्या घरात मात्र साठ्याचा नियम वेगळा. दोन बाटल्या पुरे हे मी वर डिचोलीच्या बाबांसाठी म्हटलं, तुम्ही निदान एक महिन्याचं जादा ठेवा, दोन्ही प्रकारचं, जेवणाआधीचंही आणि लांबवालंही, सोबत सिरिंज, स्ट्रिप. पावसाळ्याच्या आधी मे महिन्यातच डॉक्टरकडून एक कागद लिहून घ्या, 'हे नाही मिळालं तर हे, इतके युनिट'. पेन वापरत असाल तरी पेन मोडलं तर काय म्हणून बाटलीचा आणि तिच्या आकड्याला जुळणाऱ्या सिरिंजचा पर्याय त्यात असू दे. हा कागद शाळेतही एक द्या. अडकलातच आणि हातात काहीच नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि पहिल्या वाक्यात 'टाइप १ आहे, इन्सुलिन संपलंय' असं सांगा, केसपेपरच्या रांगेत उभं राहून नंबर येईपर्यंत गप्प बसू नका. साधं रेग्युलर इन्सुलिन इमर्जन्सीसाठी दवाखान्यात असतं.

प्रश्न (पेडणे, निवृत्त शिक्षिका): आमच्याकडे पावसात लाईट तासन्‌तास जाते. माल मिळत नाही त्यात होता तोही खराब झाला तर? मातीच्या मडक्यात ठेवलं तर चालतं असं वाचलं. मी एकदा फ्रीजरमध्ये ठेवून बघावं म्हणते, जास्त टिकेल.

उत्तर: बाई, फ्रीजर नको! गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकायचंच, दिसायला चांगलं दिसतं आणि काम करत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात, मागच्या थंड पत्र्याला टेकून नाही. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, चार-सहा तासांनी काही बिघडत नाही. आणि चालू असलेल्या बाटलीला तर फ्रीज लागतच नाही, ३० डिग्रीच्या आत, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे राहते, नेमकं किती ते आतल्या कागदावर असतं. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा.

मडक्याचं खरं आहे, फक्त ते वाचलेलं कुठल्या हवेतलं ते बघायला हवं. मडकं थंड होतं ते पाणी बाहेरून सुकतं म्हणून, हवा कोरडी असली की छान थंड होतं. सोलापूरला, नगरला मस्त चालेल. आपल्याकडे जुलैत कपडे वाळत नाहीत, तिथे मडकं काय वाळणार. पण जुलैत त्याची गरजही कमी, घरात तेव्हा इतकी उष्णता नसते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात जरा फरक पडेल, ओल्या कपड्यात गुंडाळलेलं मडकं सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून मग आत, पाणी लागता कामा नये. मनाला धीर म्हणून हेही सांगते, केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीतलं घरांतलं तापमान मोजून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने २०२१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, २५ ते ३७ डिग्रीच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकून राहिली होती. म्हणजे एक रात्र लाईट नव्हती म्हणून आख्खी बाटली फेकून देऊ नका, निदान तुटवड्यात तरी.

फेकायची कधी? पाण्यासारखं स्वच्छ असणारं गढूळ झालं, किंवा दुधाळ असतं ते हलवूनही गुठळ्या राहिल्या, काचेला आतून पांढरं चिकटलं, तेव्हा. आणि एक आपल्याकडची खास सवय, फार्मसीतून घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकायचं आणि मग बाजार, मासे, गप्पा. मेच्या दुपारी त्या डिकीत हात घालवत नाही. पिशवीतून खांद्याला न्या. बर्फासोबत न्यायचं असेल तर बर्फ आणि बाटलीच्या मध्ये जाड कपडा.

प्रश्न (फोंडा, ५४ वर्षांचे वाचक): मला शुगर आठ वर्षं आहे. दोन वर्षांमागे पायाला जखम होऊन ॲडमिट होतो तेव्हा इन्सुलिन सुरू केलं, रात्री १० युनिट ग्लार्जिन, सोबत मेटफॉर्मिन. जखम कधीच भरली. आता एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, ६.८ आहे. मिळायची मारामार, सुईचा कंटाळा. गोळ्यांवर परत येता येईल का? मित्र म्हणतो एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर.

उत्तर: मित्राचं म्हणणं टाइप १ ला बरोबर, तुमच्यासारख्यांना नेहमीच नाही. टाइप २ मध्ये ऑपरेशन, मोठं इन्फेक्शन, स्टिरॉइड चालू असताना, गरोदरपणात, असं त्या वेळेपुरतं इन्सुलिन पुष्कळ जणांना देतात आणि कारण संपलं की डॉक्टर ते कमी करत आणतात. कधी असंही होतं की ते चालूच राहतं कारण कोणी परत विचारलेलंच नसतं. तुम्ही विचारा. डॉक्टर कदाचित सी-पेप्टाइड नावाची रक्ताची टेस्ट सांगतील, अंगात स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते त्यावरून कळतं, आणि किडनीची क्रिएटिनिन.

गोळ्या आता पुष्कळ आहेत आणि पेटंट संपल्यामुळे त्यांच्या किमतीही चांगल्याच उतरल्यात, सिटाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन, २०२५ पासून एम्पाग्लिफ्लोझिनसुद्धा. 'फ्लोझिन' वाल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हृदयाला आणि किडनीला फायद्याच्या आहेत, पण लघवीच्या जागी खाज, इन्फेक्शन होऊ शकतं, आणि उपास किंवा ऑपरेशन असेल, उलट्या-जुलाब होत असतील तेव्हा त्या थांबवाव्या लागतात कारण शुगर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात. तुमच्या पायाला जखम झालेली होती हे डॉक्टरला आठवण करून सांगा, गोळी निवडताना त्यांना ते लागेल. आठवड्यातून एकदा घ्यायची जी इंजेक्शनं वजनासाठी सगळीकडे गाजतायत ती इन्सुलिन नाहीत, काही जणांचं इन्सुलिन त्यांनी कमी होतं खरं, पण ज्याच्या अंगात इन्सुलिनच नाही त्याला ती जागा भरून देत नाहीत.

६.८ आहे ते इन्सुलिन चालू असताना आहे हे विसरू नका. आज रात्रीपासून आपणच बंद केलं तर आठवड्यात काय होईल सांगता येत नाही. डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं, रोज सकाळी बोटाला टोचून बघायचं. आणि सडपातळ माणूस, वजन आपोआप उतरतंय, शुगर ३०० च्या खाली येतच नाही, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, असं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी या उत्तरावरून स्वतःचं काही ठरवू नये, त्यांचं प्रकरण वेगळं.

पथ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, 'आम्ही उकड्या तांदळाचं शीत खातो, त्याने शुगर वाढत नाही' हे मला काउंटरवर रोज ऐकू येतं. पॉलिशपेक्षा बरं आहे, कबूल. पण ताटभर शीत आणि कडी, वर दुपारची झोप, त्याला तांदूळ तरी काय करणार. सुई सुटावी असं खरंच वाटत असेल तर पहिलं शीत निम्मं करा आणि जेवून अर्धा तास चाला.

प्रश्न (काणकोण): सरकारी दवाखान्यात इन्सुलिन फुकट मिळतं हे खरं का? गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर मिळेल का? आणि कंपनीने असं अचानक बंद केलं तर आपण फक्त बघत बसायचं?

उत्तर: सरकारी केंद्रांतून मोफत देतात, हो. तुमच्या प्राथमिक किंवा सामाजिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, आधार, जुनी चिठ्ठी, शेवटचे रिपोर्ट घेऊन जा. तिथे नसलं तर मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, ज्याला आपण अजून हॉस्पिसियोच म्हणतो, उत्तरेच्या लोकांना म्हापशाचं आझिलो, आणि शेवटी बांबोळी. तिथे तुम्हाला हवा तोच ब्रँड मिळेल असं नाही, बाटलीच मिळेल हे धरून चाला, आणि मग वर लिहिलेलं लाल टोपणाचं प्रकरण परत वाचा. जायच्या आधी फोन करून साठा विचारणं बरं, काणकोणहून फेरी फुकट जाते तेव्हा दिवस जातो. दीनदयाळ कार्ड हे ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या औषधासाठी त्यावर भरवसा ठेवू नका. जनऔषधी केंद्रातही विचारा, तिथे ब्रँडचं नाव चालत नाही, औषधाचंच नाव सांगायचं.

बघत बसायची गरज नाही. ह्युमन इन्सुलिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, म्हणून त्याची किंमत सरकार ठरवतं आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा यादीतला माल बंद करायचा तर कंपनीला निदान सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यावी लागते, सरकारला कळवावं लागतं, आणि लोकांच्या हितासाठी सरकार त्यांना आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. औषध मिळत नाही याची तक्रार किंमत ठरवणाऱ्या एनपीपीएकडे करता येते, 'फार्मा जन समाधान' नावाची त्यांची ऑनलाइन सोय २०१५ पासून आहे. तक्रारीत औषधाचं नाव, ताकद, पॅकिंग, कोणत्या दुकानात कधी विचारलं ते लिहा. नुसतं 'इन्सुलिन मिळत नाही' लिहिलं तर त्यांना उत्तर द्यायला सोपं जातं की मिळतंय की. आणि एखादा दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त मागत असेल तर बिल मागा, बिल देत नसेल तर राज्याच्या एफडीएला कळवा. मी दुकानदारांच्या बाजूची आहे तरी हे सांगते.

प्रश्न (मडगाव): दोन छोटे प्रश्न. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एकीने सासऱ्यांच्या उरलेल्या तीन बाटल्या देऊ केल्यात, ते वारले. एक्स्पायरीला एक महिना उलटलाय. घेऊ का? आणि श्वासातून ओढायचं इन्सुलिन आलंय म्हणे?

उत्तर: दुसऱ्याचं आधी. हो, अफ्रेझा, सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात परवानगी मिळाली. ते फक्त जेवणाआधीच्या डोसच्या जागी चालतं, टाइप १ वाल्याला लांबवालं टोचावंच लागतं. दमा असेल, फुप्फुसाचा जुनाट आजार असेल किंवा सिगरेट चालू असेल तर नाही, आणि सुरू करायच्या आधी फुप्फुसाची टेस्ट. तुटवड्यावरचा उपाय म्हणून त्याच्याकडे बघू नका.

बाटल्यांचं, त्यांनी मनापासून देऊ केलंय त्याबद्दल त्यांचे आभार माना, पण तारीख उलटलेल्या घेऊ नका, तुम्हाला आज दुसरीकडे मिळण्यासारखं आहे तोवर तरी नाहीच. तारखेत असलेली, सील न फोडलेली, सतत फ्रीजमध्ये होती हे देणाऱ्याला नक्की माहीत असलेली बाटली अडीनडीला एखाद्याने घेतली तर मी समजू शकते, तीसुद्धा नाव, प्रकार आणि ४० की १०० हे तुमच्या चिठ्ठीशी जुळवून. पेन किंवा आधी वापरलेलं कार्ट्रिज दुसऱ्याचं कधीच नाही, सुई नवीन लावली तरी नाही, आत रक्त मागे गेलेलं असू शकतं. आणि ग्रुपवर 'बेळगावहून माझा माणूस निम्म्या किमतीत आणून देतो' म्हणणारा कोणी असेल, बिल नाही, बर्फाची पेटी नाही, तर त्याला नंबरसकट ब्लॉक करा.